मनालीहून आणलेले ‘चेस्टनट’ भाजायचे का?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: दिवाळीच्या सुट्टीत मनालीला गेलो होतो. हॉटेलच्या आवारात मोठ्या झाडाखाली तपकिरी, चकचकीत बियांचा सडा पडला होता. तिथे कुणीतरी ‘चेस्टनट आहेत’ म्हणालं, म्हणून दोनेक किलो पिशवीत भरून ठाण्याला आणल्या. सासूबाई म्हणतात, शिंगाड्यासारख्या उकडून किंवा भाजून खाऊ. त्याआधीच सहा वर्षांच्या मुलाने एक फोडून चाखली आणि कडू लागली म्हणून थुंकली. बियांचा फोटो पाठवते आहे. या खायच्या का? नसतील तर खायचे चेस्टनट इकडे मिळतात का? आणि कुंडीत लावल्या तर उगवतील का?

ताई, गॅस पेटवला असेल तर आधी बंद करा. तुमच्या फोटोतल्या बिया गोड चेस्टनटच्या नाहीत, हिमालयातल्या हॉर्स चेस्टनटच्या आहेत. हिमाचलात या झाडाला खनोर म्हणतात. बी विषारी आहे. भाजून, उकडून किंवा कुकरला चार शिट्ट्या देऊन तिचं विष जात नाही. मी वाशीच्या मसाला मार्केटात सुक्यामेव्याच्या गाळ्यावर 31 वर्षं माल निवडण्याचं काम केलं आहे. अशी पिशवी घेऊन ‘हे काय आहे, खाऊ का?’ असं विचारायला येणारं गिऱ्हाईक दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी येतंच. तुम्ही भाजण्याआधी विचारलंत, फार चांगलं केलंत.

मुलाचं आधी सांगतो. चाखून थुंकलं असेल आणि गिळलं नसेल तर घाबरायचं कारण नाही. चूळ भरायला लावा, पाणी द्या आणि दिवसभर लक्ष ठेवा. मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब किंवा नेहमीपेक्षा जास्त सुस्ती दिसली तर थेट दवाखाना गाठा आणि एक बी सोबत न्या. बी बघितली की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. बोटं घालून उलटी काढायला लावू नका. मिठाचं पाणीही पाजू नका. आपल्याकडे घरोघरी हे केलं जातं आणि त्यानेच मूल जास्त बिघडतं. मुलाने तुकडा गिळला असेल, तर त्रासाची वाट न पाहता आत्ताच डॉक्टरांना फोन करा.

आता फोटोवरून कसं ओळखलं ते सांगतो. पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

बी हातात घेऊन तिचं टोक शोधा. गोड चेस्टनटला एका बाजूला टोक असतं आणि टोकावर सुकलेल्या केसांचा बारीकसा झुबका असतो, लहान मुलाच्या शेंडीसारखा. बहुतेक वेळा तिची एक बाजू चपटी असते, कारण एका बोंडात दोन-तीन बिया एकमेकींना चिकटून वाढतात. तुमच्या फोटोतल्या बिया गोलसर आहेत, टोक कुठेच नाही. आणि प्रत्येकीवर रुपयाएवढा फिकट, मातकट डाग आहे. ही बी फळाला जिथे चिकटलेली होती ती जागा. गोड चेस्टनटलाही तळाशी फिकट भाग असतो, पण समोरच्या बाजूला टोक असल्यामुळे घोटाळा होत नाही. म्हणून मी गाळ्यावरच्या पोरांना एकच सांगायचो, आधी टोक बघा, मग बाकीचं.

काट्यांवरून ओळखायला गेलात तर मात्र फसाल. परदेशी माहिती वाचणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. गोड चेस्टनटचं बोंड साळिंदराच्या पिल्लासारखं असतं. बारीक, दाट, सुईसारखे काटे, हातमोजा घातल्याशिवाय धरवत नाही. युरोपातल्या हॉर्स चेस्टनटचं बोंड आपल्या धोतऱ्याच्या बोंडासारखं, जाड पण विरळ काट्यांचं. त्यामुळे तिकडचे लोक ‘दाट काटे ते खायचं, विरळ काटे ते नाही’ असं सांगतात आणि युरोपापुरतं ते बरोबरही आहे. पण हिमालयातल्या झाडाच्या फळाला काटेच नसतात. चिकूसारखी खरबरीत तपकिरी साल असते. तुमच्या फोटोच्या कोपऱ्यात तशाच दोन फुटलेल्या साली दिसतात.

झाड समोर असेल तर पान बघणं सगळ्यात सोपं. काटेसावरीचं पान आठवा. एका देठाच्या टोकाला पंजासारख्या पाच-सात पानोळ्या. हॉर्स चेस्टनटचं पान तसंच असतं. गोड चेस्टनटचं पान एकटं, लांबट, कडेला करवतीसारखे दात असलेलं.

मग नावं एवढी सारखी कशी? बी दिसायला सारखी म्हणून नाव जोडलं गेलं, एवढंच. नातं काहीच नाही. गोड चेस्टनट ओक वृक्षांच्या कुळातलं, म्हणजे पहाडातल्या बांजच्या कुळातलं. हॉर्स चेस्टनट आपल्या रिठ्याच्या कुळातलं. हे लक्षात ठेवलंत की बाकी सगळं आपोआप कळतं. रिठ्याला फेस कशाने येतो? सॅपोनिनने. हॉर्स चेस्टनटच्या बीतही सॅपोनिनच भरलेलं असतं, त्याला एसिन म्हणतात. बी ठेचून पाण्यात घुसळली तर रिठ्यासारखा फेस येतो. सासूबाईंना हेच करून दाखवा. लांबलचक समजावण्यापेक्षा ते पटकन पटेल, कारण रिठ्याने डोकं धुतलेलं मराठी माणूस रिठा कधी खाणार नाही. (लिचीही याच कुळातली आहे. तेव्हा कूळ एक म्हणून सगळंच वाईट किंवा सगळंच चांगलं असंही नाही.)

पहाडातली भाषा हा घोळ आणखी वाढवते. कुमाऊँ-गढवालकडे हॉर्स चेस्टनटलाही पांगर म्हणतात आणि नैनितालच्या बाजूला इंग्रजांनी लावलेल्या गोड चेस्टनटलाही पांगरच. आपला कोकणातला पांगारा हे तिसरंच झाड, लाल फुलांचं. त्यामुळे तिथला माणूस ‘हे पांगर आम्ही खातो’ म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो. तो दुसऱ्या झाडाबद्दल बोलत असतो.

आणि कधी कधी तो याच झाडाबद्दलही बोलत असतो. हिमालयातल्या गावांत टंचाईच्या दिवसांत हॉर्स चेस्टनटच्या बिया सुकवून, दळून, ते पीठ पाण्यात भिजवून, पाणी बदलून कडवटपणा काढतात आणि मग त्याचा हलवा किंवा पिठात मिसळून भाकरी करतात. जपानमध्येही तिथल्या हॉर्स चेस्टनटच्या बिया राख घातलेल्या पाण्यात मुरवून त्यांचे तांदळाचे लाडू करतात. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. किती वेळा पाणी बदलायचं, कडवटपणा गेला की नाही हे कशावरून ठरवायचं, हे त्या बायकांच्या हातात बसलेलं असतं. व्हिडिओ बघून ठाण्याच्या स्वयंपाकघरात ते करू नका. त्या बीत पिष्ट भरपूर असतं हे खरं. पहिल्या महायुद्धात 1917 साली ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांकडून या बिया गोळा करून घेतल्या होत्या. त्यातल्या पिष्टापासून दारूगोळ्याला लागणारं अ‍ॅसिटोन काढायचं आणि माणसांच्या पोटातला मका वाचवायचा, हा हेतू होता. खाण्याजोगी असती तर त्या टंचाईत ती ताटातच आली असती.

काही जण पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी याच बीचं औषध येतं म्हणून बी उगाळून घेतात. त्या गोळ्यांमध्ये बीचा शुद्ध केलेला, मोजलेला अर्क असतो, विषारी भाग काढून टाकलेला. अख्खी बी म्हणजे औषध नव्हे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर तो अर्कसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता खायच्या चेस्टनटकडे येतो, कारण ते खरोखर सुंदर फळ आहे आणि आपल्याकडे त्याची नीट ओळख नाही. सगळे त्याला सुकामेवा समजतात. बदाम, अक्रोड, पिस्ता यांच्या रांगेत ठेवतात. तिथेच गाडी चुकते. बदामात 100 ग्रॅमला जवळपास 50 ग्रॅम तेल असतं, ताज्या चेस्टनटमध्ये दोनेक ग्रॅम. उलट त्यात पाणी जवळजवळ निम्मं, उरलेलं बहुतेक पिष्ट, आणि सुक्यामेव्यात जे जवळपास नसतंच ते सी जीवनसत्त्व 100 ग्रॅमला 40 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे हा सुकामेवा नाहीच. हा झाडावर लागणारा बटाटा आहे. सासूबाईंना शिंगाडा आठवला, त्यांचा अंदाज खायच्या चेस्टनटच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. चवही भाजलेला शिंगाडा आणि रताळं यांच्या मधली.

हे मी नुकसान सोसून शिकलो. गाळ्यावर लागून चार-पाच वर्षं झाली होती. नाताळच्या आधी एका हॉटेलवाल्याची मागणी आली म्हणून 60 किलो ताजे चेस्टनट मागवले. माल संध्याकाळी उतरला. हॉटेलला तो टप्प्याटप्प्याने हवा होता. मी नेहमीच्या सवयीने गोण्या बदामांच्या शेजारी, गाळ्याच्या मागच्या बाजूला थप्पीला लावून ठेवल्या. नवव्या दिवशी गोणी सोडली तर आत हिरवी बुरशी आणि आंबूस वास. वरून चकचकीत दिसणारे दाणे आतून मऊ पडले होते. हाताने एकेक निवडून जेमतेम 20 किलो वाचले. मालक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘कांदा-बटाटा मार्केट समोर आहे, तिथे कुणाला विचारलं असतंस तर?’ तेव्हापासून चेस्टनट आला की तो शीतगृहात जातो.

घरी आणलेत तर कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडा-दहा दिवसांत संपवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत पाणी सुटतं. घेताना दाणा दाबून बघा. सालीखाली पोकळी लागली, साल आत गेली, तर तो सुकलेला आहे. बारीक भोक दिसलं तर आत अळी. घरी पाण्यात टाका, वर तरंगणारे बाजूला काढा.

नवी मुंबईत वाशीच्या फळ मार्केटमध्ये परदेशी फळं ठेवणाऱ्यांकडे नोव्हेंबर ते जानेवारीत विचारून बघा. रोज असतीलच असं नाही. ठाण्यात मोठ्या मॉलमधल्या किराणा दुकानांत सोललेले, शिजवलेले, हवाबंद पाकिटातले मिळतात. पहिल्यांदा खात असाल तर माझं मत पाकीटच घ्या. सोलण्याची कटकट वाचते आणि ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

ताजे मिळाले तर चपट्या बाजूवर सुरीने फुलीसारखी चीर द्या. हे विसरू नका. चीर न देता भाजलेला दाणा आतल्या वाफेने फुटतो आणि गरम तुकडे तोंडावर उडतात. मग अर्धा तास पाण्यात ठेवून जाड तव्यावर झाकण घालून मंद आचेवर 20-25 मिनिटं, मध्येमध्ये हलवत. चिरेपाशी साल उलगडली की झाले. फडक्यात गुंडाळून पाच मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच सोला. थंड झाले की आतली तपकिरी पापुद्र्यासारखी साल गराला घट्ट चिकटते, आणि ती तुरट असते. कुकरमध्ये चीर देऊन दोन शिट्ट्यांतही होतात. उकडलेले कुस्करून तूप, गूळ आणि वेलदोडा घालून आमच्याकडे शिरा करतात, तो मला मनापासून आवडतो. उपासाला चालतात का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतं. आपल्या रिवाजात या फळाचा उल्लेख येण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा तुमच्या घरी ठरेल ते. चेस्टनटच्या पिठात ग्लुटेन नसतं, ही गव्हाची अडचण असणाऱ्यांच्या उपयोगाची गोष्ट.

एक सावधगिरी. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्याने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, त्यांच्यातल्या काहींना केळं, अ‍ॅव्होकॅडो, किवी यांच्याबरोबर चेस्टनटचीही अ‍ॅलर्जी असते. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाऊ नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं लहान आहेत आणि ठाण्यात राहता म्हणून सांगायलाच हवं. मनालीच्या झाडापेक्षा मला इथली झाडं जास्त भीतीची वाटतात. रस्त्याकडेला सावलीला लावलेलं मोठ्या पानांचं बदामाचं झाड आहे, त्याची गुठळी फोडून मुलं आतला बारीक गर खातात. तो खाण्यासारखा असतो, तिथे अडचण नाही. पण जंगली बदाम हे वेगळं झाड. फुलांना घाण वास आणि नावेसारख्या लाल फळात काळ्या बिया. त्या कच्च्या खाल्ल्या तर पोट बिघडतं.

सगळ्यात वाईट चंद्रज्योत, जिला मोगली एरंड म्हणतात. शहापूर, मुरबाडकडे शेताच्या कुंपणाला सर्रास असते. पिवळी कण्हेरही तशीच, तिची बिट्टी खेळायला घेतात. पण तिचा गर हृदयावर परिणाम करतो, जिवावर बेतू शकतं. चंद्रज्योतीचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी दहा वर्षांचा असताना मामाच्या गावी आम्ही पाच पोरं कुंपणापाशी खेळत होतो. एकाने बी फोडली, आत पांढरा गर. चव शेंगदाण्यासारखी, गोडसर. मी दोन खाल्ल्या, माझ्या मामेभावाने पंधरा-वीस. तासा-दीड तासात घशात आग, मग उलट्या आणि जुलाब थांबेनात. रात्री बैलगाडीतून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाईन चालू होतं. तो वाचला. त्याचे ओठ कोरडे पडून पांढरे झालेले मला आजही दिसतात. मी या धंद्यात आल्यावर प्रत्येक अनोळखी बीकडे आधी संशयानेच बघायला शिकलो, त्याचं मूळ त्या रात्रीत आहे.

यातला मुद्दा चवीचा आहे. तुमच्या मुलाला बी कडू लागली म्हणून तो वाचला. चंद्रज्योत गोड लागते, म्हणूनच मुलं मूठभर खातात. उलट नेहमीच्या बदामात एखादा कडू निघाला तर तो चावून संपवू नये, थुंकावा, कारण कडू बदामात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. तेव्हा ‘चाखून बघू, कडू नसेल तर चालेल’ ही परीक्षा मुलांना शिकवू नका. झाडाखालची बी तोंडात घालायची नाही, घरी आणून दाखवायची, एवढंच शिकवा.

भाजून विष जातं ही दुसरी समजूत. ती आपल्याकडे आली काजू आणि बिब्ब्यामुळे. काजूच्या कवचातलं तेल कातडी जाळतं. कोकणात काजू भाजताना धुरापासून तोंड फिरवून बसतात. पण भाजून कवच काढलं की आतला गर निर्धोक. बिब्ब्याचंही तेच. वरचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, परीट त्यानेच कपड्यांवर खूण करायचे, आणि आतली गोडंबी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. या दोघांचं विष कवचात आहे, गरात नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालते. हॉर्स चेस्टनटमध्ये विष गरातच आहे. तिथे भाजून काय होणार? (काजू किंवा पिस्त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी गोडंबीही जपून खावी. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा हे सगळं एकाच कुळातलं.)

राहिला कुंडीचा प्रश्न. या बिया सुकल्या की त्यांची उगवण्याची ताकद लवकर जाते, आणि तुमच्याकडच्या आता तीन आठवडे जुन्या आहेत. एखादी उगवलीच तरी हे झाड साधारण 900 ते 3000 मीटर उंचीवरचं, थंडी लागणारं. एप्रिल-मेचं ठाणं त्याला सोसणार नाही. इंग्लंडात मुलं या बियांना भोक पाडून दोरीत ओवतात आणि एकमेकांच्या बीवर आपटून फोडायचा खेळ खेळतात, 1965 पासून त्याची जागतिक स्पर्धाही भरते. आपल्या सागरगोट्यांसारखंच मुलांचं त्यांच्याशी नातं. तुमच्या मुलाला ठेवायच्याच असतील तर पाच-सहा बरणीत ठेवून वर ‘खायच्या नाहीत’ अशी चिठ्ठी लावा. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही दूर, त्यालाही त्या बाधतात. महिन्या-दोन महिन्यांत चकाकी जाईल आणि बी सुरकुतेल. बाकीच्या ओल्या कचऱ्यात टाकताना पिशवीला गाठ मारा.